रविवारचा ध्यानवर्ग : श्वास चोख, शील गृहीत

नागपुरात रामदासपेठेतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत भरणाऱ्या ध्यानवर्गाला मी एप्रिल आणि मे असे दोन महिने नियमित गेलो. आठ रविवारांचे शुल्क साडेतीन हजार रुपये असून चटई आणि उशी वर्गाकडूनच मिळते. आम्ही पंधरा-सोळा जण होतो : बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन डॉक्टर आणि मिहान या उद्योग-आयटी वसाहतीत नोकरी करणारी बरीचशी तरुण मंडळी.

शिकवणे उत्तम आहे. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा जाणायचा, तो मुद्दाम लांबवायचा नाही आणि मोजायचाही नाही, एवढे एकच काम सर इतक्या सावकाश समजावतात की घाईला जागाच उरत नाही. मे महिन्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आत जाणाऱ्या श्वासाबरोबर यायचा आणि बाहेर पडणाऱ्या श्वासात नसायचा. हा फरक मला पाचव्या रविवारी प्रथमच जाणवला.

माझी तक्रार वेगळी आहे. ध्यानाबरोबर काही नियम पाळायचे असतात का, असे एकाने विचारले, तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित माणसं, चांगलं-वाईट तुम्हाला कळतंच." सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या. आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात, मग आणखी शील ते काय पाळायचे, ही आम्हा शहरी लोकांची ठाम समजूत आहे. माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर मी पूर्वी केले आहे. तिथे शुल्क नसते, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो, आणि पहिल्याच संध्याकाळी पंचशील, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशा टाळण्याचे पाच नियम, घेतल्याशिवाय श्वासाकडे वळू देत नाहीत. साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नुसता श्वास पाहणे, आणि मग विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे पाहणे, पण सगळ्याच्या आधी शील. हा क्रम भाविकपणाचा नसून व्यवहाराचा आहे, कारण खोटे बोलून आलेले मन डोळे मिटले तरी आपली सारवासारवच करत बसते.

सहाव्या रविवारी वर्ग सुटल्यावर जिन्यात चपला घालता घालता एक गृहस्थ फोनवर सांगत होते, "निघालो केव्हाचाच, पंचशील चौकात आहे." मला हसू आले, पण फार वेळ टिकले नाही, कारण आदल्या रात्री मित्राकडे दोन बिअर पिऊन आलेल्या मी त्या सकाळी श्वासापेक्षा डुलक्याच अधिक पाहिल्या होत्या. ज्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि जिथे आजही वस्त्यांतल्या विहारांत लहान मुले पंचशील तोंडपाठ म्हणतात, तिथे ध्यान शिकवणाऱ्याला त्या पाच ओळी सांगायचा संकोच वाटावा, हे मला विचित्र वाटते.

तरीही नवशिक्यांनी हा वर्ग अवश्य करावा. दहा दिवसांची रजा मिळत नसेल तर सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची मिळते. दुचाकी लावायला जागा अपुरी असल्याने शेजारच्या फाटकासमोर गाड्या उभ्या राहतात आणि भांडणे होतात. शुल्काची पावती मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. मला ती तीनदा आठवण दिल्यावर आठव्या रविवारी मिळाली.