घोड्याच्या पायाच्या पट्ट्या: माल चांगला, पाकिटावरची जाहिरात मनावर घेऊ नका (5 पैकी 3.5)

चार पट्ट्या आणि आत घालायच्या चार जाड गाद्या असा सेट ऑनलाइन मागवला. माथेरानला आमचे घोडे आहेत, पावसाळ्यात पर्यटक नाहीत म्हणजे काम नाही, जनावर दिवसदिवस पागेत उभं आणि सकाळी बघावं तर मागचे दोन्ही पाय घोट्याच्या वर भरलेले. त्यासाठीच घेतला.

तर पहिलं म्हणजे या सुजेवर पट्टी खरंच चालते. रात्री बांधली की सकाळी नळी (घोट्याच्या वरचा सरळ भाग) परत सडपातळ, मागची नस (रक्ताची नाही, हाडामागची दोरीसारखी कंडरा) बोटाला वेगळी लागते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच, हाड, नसा आणि कातडी एवढंच, त्यामुळे चालणं बंद झालं की खाली उतरलेलं पाणी वर चढत नाही. ही सूज थंड असते, दोन्ही पायांना सारखी, बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि घोडा लंगडत नाही. वडील म्हणतात पट्टीबिट्टी कशाला, अर्धा तास फिरव, उतरेल. उतरतेच, त्यांचं खोटं नाही, पण धो धो पावसात कोण फिरवणार?

आता राग कशाचा तर पाकिटावर लिहिलंय "सर्व प्रकारच्या सुजेवर". अहो एकच पाय सुजला, हात लावला की चटका बसतो, घोडा पाय टेकत नाही, तिथे ही पट्टी काय करणार? ती नस दुखावलेली असू शकते, नाहीतर बारीक जखमेतून आत इन्फेक्शन, त्यात पाय एका रात्रीत खांबासारखा होतो. तेव्हा आधी ताप बघा, 38.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर थांबू नका, डॉक्टरला फोन. ते येईपर्यंत पाईपने गार पाणी 15-20 मिनिटं सोडा (उघडी जखम असेल तर तेही त्यांना विचारूनच), खूर उचलून खिळा वगैरे घुसलाय का बघा आणि पट्टी त्यांनी सांगितली तरच बांधा. माणसाची पेनकिलर देऊ नका प्लीज.

क्वालिटी बोलायची तर कापड मऊ आहे, ताण सगळीकडे सारखा बसतो आणि हे महत्त्वाचं कारण एका जागी करकचून आवळली तर पट्टीच नस खराब करते. गादीशिवाय कधीच बांधू नका, बांधून झाल्यावर वरच्या काठात बोट सहज जायला हवं, आणि सकाळी सोडाच. गाद्या मात्र आखूड आहेत, आमच्या उंच घोड्याला घोट्याजवळ पट्टी उघड्या कातडीवर येते, तिथे मी कापसाची जास्तीची घडी घालतो. वेल्क्रोत गवत आणि केस अडकून पकड सुटते, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करत बसा. आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत, ओली बांधली तर घोट्यामागे खपल्या धरतात आणि त्यातूनच परत सूज, म्हणून एक सेट पुरत नाही.

दुकानदाराला मेसेज केला की मोठ्या साईजच्या गाद्या सुट्या मिळतील का, उत्तर "पूर्ण सेट घ्या". अर्धा स्टार त्याचा कापला.

उभं राहून पाय भरणारा घोडा असेल तर घ्या, पण दोन सेट घ्या.