कृषी केंद्राचा विमा: बँकेनं काढलेला, सूक्ष्म उद्यम सुरक्षा की दुकानदार पॅकेज?

पुढे दुकान, मागे टिनाचं गोदाम, दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे कट्टे छतापर्यंत. तालुक्याच्या गावात असा धंदा असेल तर विम्याचे तीन रस्ते समोर येतात.

पहिला आयता असतो. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याला खेळतं भांडवल) कर्ज देताना बँकच विमा काढते, हप्ता खात्यातून कटतो. पॉलिसीचा कागद मात्र मागून घ्या, कारण विम्याची रक्कम बरेचदा कर्जाच्या मर्यादेपुरतीच असते. समजा, माल ४० लाखांचा आणि विमा २० लाखांचा आहे. आगीत १० लाखांचा माल गेला, तर दहा लाख मिळतील असं वाटतं. मिळतात पाच! विमा निम्म्याच मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी फट हीच.

दुसरा रस्ता ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी आहे, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंत मालमत्ता असणाऱ्यांसाठी. आग, वीज पडणं, वादळ, पूर, दंगल यात येतात. विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर वर सांगितलेली भरपाईची कात्री लागत नाही. सरकीची गंजी आतून तापून पेटली तरी चालतं. जुन्या फायर पॉलिसीत त्याला जादा हप्ता भरावा लागे. पण रात्री कुलूप तोडून माल नेला, तर काही नाही. आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरीच इथे धरतात.

तिसरं, दुकानदार पॅकेज. आगीसोबत घरफोडी, गल्ल्यातली रोकड, काच, नोकराची अफरातफर असे भाग निवडून घेता येतात. रोकड जास्त हाताळणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानाला हे बरं. गोदाम मोठं असेल तर मी सूक्ष्म उद्यम घेऊन त्यावर घरफोडीची वेगळी पॉलिसी जोडेन.

काही गोष्टी मात्र आगीच्या साध्या विम्यात कुठेच बसत नाहीत. वादळानं टिनं उडाली आणि खत भिजलं तर दावा होतो. जुनी टिनं गळून युरियाचे गोळे झाले तर नाही. उंदीर-घुशींनी कट्टे फोडले, शॉर्ट सर्किटनं मोटर जळली, तेही नाही. त्या मोटरीपासून पसरलेल्या आगीचं नुकसान मात्र मिळतं. दुकान दोन महिने बंद राहिलं तर बुडालेला नफाही सहसा वेगळं कलम जोडल्याशिवाय नाही.

आणि शेतकऱ्यांनी भाव वाढेपर्यंत ठेवलेला माल? तो तुमचा नाही. पॉलिसीत तसा वेगळा लिहून घ्यावा लागतो. पत्ताही बघा. पॉलिसीवर फक्त दुकान असेल आणि सीझनला नाल्याकाठचं भाड्याचं गोदाम घेतलं असेल, तर माल भरण्याआधी त्याचा गट नंबर एजंटकडून लेखी चढवून घ्या.