फणस म्हणून ओलं लाकूड, एबनी म्हणून रंगवलेली पट्टी: गिटारसाठी लाकूड मागवताना झालेली फसवणूक

इलेक्ट्रिक गिटारसाठी लाकूड घेताना फसवणूक झाली की ती पार्सल उघडल्यावर कळत नाही. कळते ती फ्रेटच्या (सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा कापल्यावर, नेक पॉकेट (नेक म्हणजे गिटारचा दांडा, तो बसवायचा खळगा) कोरल्यावर किंवा पॉलिश चढवून दोन महिने उलटल्यावर. तोवर फळी कापलेली असते आणि विकणारा म्हणतो, "तुम्हीच कापलीत, आता परत कशी घेऊ?" आमच्या बाबतीत हेच झालं. पार्सलमध्ये काय यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय निघालं, ते मापांसकट लिहितो आहोत, म्हणजे पुढच्याला निदान कुठे बघायचं ते कळेल.

मागवलं होतं ते असं. सॉलिड बॉडीसाठी, म्हणजे गिटारच्या भरीव धडासाठी, फणसाच्या एकाच फळीतून काढलेले दोन जोडतुकडे, प्रत्येकी ५१० × १८० × ४८ मिमी, "पाच वर्षं सीझन केलेले", म्हणजे वाळवलेले. नेकसाठी उभ्या रेषांचा शिसवाचा तुकडा, ७०० × ७५ × २५ मिमी. फिंगरबोर्डसाठी, म्हणजे नेकवर बोटं टेकतात त्या भागासाठी, एबनीची (आबनूस, काळं जड लाकूड) पट्टी, ५२० × ७० × ८ मिमी. सगळे मिळून १४,५०० रुपये. पैसे आधी, यूपीआयने, एका व्यक्तीच्या खात्यावर. बिल मालासोबत येईल असं सांगितलं होतं. आलं नाही.

आधी एबनीची पट्टी, कारण तिचा निकाल स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच मिनिटांत लागतो. ५२ × ७ × ०.८ सेंटिमीटर म्हणजे २९१ घनसेंटिमीटर. एबनी पाण्याइतकी किंवा त्याहून जड असते, म्हणजे पट्टी २९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. भरली २०५ ग्रॅम. म्हणजे घनता ०.७०. दिसायला गुळगुळीत, काळीभोर, वर मेणाचा हात. एका टोकाची दोन मिलिमीटरची चकती कापली तर आत फिकट तपकिरी लाकूड आणि कडेने जेमतेम एक मिलिमीटर काळी किनार, पावाच्या तुकड्याला कडा असते तशी.

हा एक मिलिमीटरच घात करतो. फिंगरबोर्डला १२ इंच त्रिज्येची गोलाई द्यायची म्हटलं की ५६ मिमी रुंदीच्या टोकाला दोन्ही कडांवरून सुमारे १.३ मिमी लाकूड जातं. म्हणजे रंग मधोमध शिल्लक राहतो आणि दोन्ही बाजूंना फिकट पट्टे उघडे पडतात. त्याआधी ०.६ मिमीच्या करवतीने फ्रेटच्या खाचा कापताना भुसा बघा. खऱ्या एबनीचा भुसा गडद पडतो, हिचा बिस्किटाच्या चुऱ्यासारखा पडला. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी: खऱ्या एबनीतही करड्या-तपकिरी रेघा असतात आणि पुष्कळ कारागीर ती एकसारखी दिसावी म्हणून रंगवतात. तसं आधी सांगून केलं तर तक्रार नाही. साधं लाकूड रंगवून एबनीच्या भावाने विकणं ही चोरी आहे.

आता फणस. हे लाकूड खरंच चांगलं आहे, म्हणूनच त्याच्या नावावर फसवणूक होते. तंजावरची वीणा आणि मृदंगाचं खोड फणसाचंच. विकणारे हाच धागा पकडतात आणि "वीणेचा सूर" विकतात. वीणेचं लाकूड पोखरून पातळ केलेलं असतं, त्याचा आवाजात मोठा वाटा असतो. ४५ मिमीच्या भरीव बॉडीत पिकअप (तारांची कंपनं विजेच्या संदेशात बदलणारा भाग), तारा, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि नेकचा जोड यांचा वाटा कितीतरी मोठा. फणस घ्यावा तो वजनासाठी, काम करायला सोपा म्हणून आणि रंगासाठी. सुराच्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजू नयेत. मिरजेच्या सतारवाल्यांकडचं जुनं तून (सतारीचं लाकूड) म्हणून जे विकलं जातं, त्यालाही हेच लागू.

दोन्ही तुकडे लिंबासारखे पिवळेधमक आले. जाणत्याला इथेच शंका यायला हवी होती. फणसाचा ताजा कापलेला गाभा पिवळा असतो, पण उजेडात तो हळूहळू सोनेरी तपकिरी होत जातो. पाच वर्षं ठेवलेली फळी बाहेरून तपकिरी दिसायला हवी आणि रंधा मारल्यावर आत पिवळी निघायला हवी. सगळ्या बाजूंनी पिवळी फळी म्हणजे एकतर कालपरवा रंधलेली किंवा रंगवलेली.

आमच्याकडे दोन्ही प्रकार निघाले. पहिल्या तुकड्यावर हातरंधा चालवला, तीन छिलके काढले, तिन्ही पिवळे. हा खरा फणस. दुसऱ्या तुकड्याचा पहिला छिलका पिवळा, दुसरा फिका आणि तिसरा सायीसारखा पांढरट. एका कडेला दोन बोटं रुंदीचा खरा पिवळा गाभा, बाकी सगळं बाहेरचं पांढरं लाकूड, वरून रंग फिरवलेला. एकाच फळीतले जोडतुकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. इथे स्पिरिटचा बोळा फिरवून बघाल तर फसाल. खऱ्या फणसाच्या गाभ्यातूनही स्पिरिटमध्ये पिवळा रंग उतरतो, त्याच रंगात पूर्वी बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवली जात. म्हणून फणसाची परीक्षा रंध्यानेच करायची.

पांढऱ्या लाकडाचा दोष फक्त दिसण्याचा नाही. त्यात पिष्ट असतं आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या त्याच्यावरच जगतात. टॉर्च आडवा धरून बघितलं तेव्हा त्या तुकड्यावर एक-दीड मिलिमीटरचे चकाकणारे ठिपके दिसले. भोकांत भुसा आणि सुपर ग्लू भरून वर पॉलिश पेपर मारलेला. दाभणाने एक ठिपका उकरला तर आतून पिठासारखी भुकटी आली. अशी बॉडी रंगवून, पिकअप बसवून भिंतीला टांगा, काही महिन्यांनी खाली जमिनीवर भुकटीची रांगोळी दिसेल.

पहिला तुकडा खरा होता, पण ओला. विकणाऱ्याने ओलावा मोजायच्या मीटरचा व्हिडिओ पाठवला होता, आकडा ११ टक्के. पिनांचा मीटर पिना जितक्या आत जातात तितक्याच थराचा ओलावा सांगतो. फळी दोन दिवस उन्हात ठेवली की वरचा थर कोरडा होतो आणि ४८ मिमीच्या पोटात पाणी तसंच राहतं. वर मेण सगळ्या बाजूंना लावलेलं होतं. मेण टोकांना लावणं योग्य, कारण टोकं आधी वाळून भेगाळतात. पण सपाट बाजूंनाही मेण असेल तर लाकूड वाळतच नाही आणि बारीक भेगाही झाकल्या जातात.

खरा ओलावा काढायची रीत जुनी आहे आणि तिला महाग उपकरण लागत नाही. टोकापासून ६० मिमी सोडून १४ मिमी जाडीची चकती कापली. बॉडीची लांबी साधारण ४०५ मिमी असते, त्यामुळे ५१० मध्ये तेवढी जागा निघते. चकती लगेच तोलली, ८४ ग्रॅम. मग ओटीजीत (घरगुती ओव्हनमध्ये) १०० ते १०५ अंशांवर ठेवली आणि दर दोन-तीन तासांनी तोलत राहिलो. वजन थांबलं ते ६६ ग्रॅमवर. गेलेलं पाणी १८ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ६६, म्हणजे २७ टक्के. पुण्यासारख्या ठिकाणी बॉडीसाठी १० ते १२ टक्के हवेत, कोकण किनाऱ्यावर दोन-तीन टक्के जास्त चालतात. २७ टक्के म्हणजे पाच वर्षं सोडाच, नुकतंच चिरलेलं लाकूड. मोकळ्या हवेत इंचाला एक वर्ष हा ठोकताळा धरला तर या जाडीला दोन वर्षं लागतात.

असं लाकूड तसंच वापरलं तर काय होतं? पूर्ण बॉडी वाळताना आडव्या रुंदीत पाच-सात मिलिमीटर आकसू शकते. मधला जोड टोकांकडून उघडतो. ५६ मिमीचं नेक पॉकेट मिलिमीटरभर अरुंद होतं, नेक आवळला जातो आणि पॉकेटच्या कोपऱ्यातून भेग निघते. ब्रिजच्या दोन खुंट्यांमधलं अंतर कमी होतं, ब्रिज अडकतो. पॉलिशखालचं पाणी बाहेर येताना पॉलिश पांढुरकं पडतं. लोक मग आपल्या जोडाला, सरसाला, पॉलिशवाल्याला दोष देत बसतात. दोष लाकडात असतो.

नेकच्या तुकड्याबद्दल थोडक्यात. शिसव म्हणून शिसम देणं हा या धंद्यातला सर्रास प्रकार आहे, नावं जवळची असल्यामुळे चूक झाली असं म्हणता येतं. दोघांचं वजन जवळपास सारखं, त्यामुळे काटा इथे कामाचा नाही. शिसवात जांभळट झाक आणि काळसर रेघा असतात, ताज्या कापाला गोडसर वास येतो. शिसम सोनेरी तपकिरीकडे झुकतो. खात्री हवी असेल आणि माल महागाचा असेल तर बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत किंवा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत नमुना पाठवून ओळख करून घेता येते.

शिसमही नेकला चालला असता. खरी अडचण रेषांची होती. बाजूने रेषा सरळ दिसत होत्या, पण टोकाचा १०० मिमी तुकडा पटाशीने फोडला तेव्हा फाट १२ मिमी तिरकी गेली. पाच मिमीच्या वर तिरकस असेल तो तुकडा नेकला घेऊ नये. १० ते ४६ च्या तारा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत), २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि नेहमीचा सूर असेल तर नेकवर सुमारे ४६ किलोंचा ताण सतत असतो. तिरक्या रेषांचा नेक हेडस्टॉकच्या (तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मानेशी तुटतो किंवा पीळ खातो. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, पुढे-मागे झालेला वाक काढतो. पीळ काढत नाही, कुणी काहीही सांगो.

मापातही गंडवलं होतं. आकारणी अर्ध्या घनफुटाची, "सॉ मिलच्या मापाने". इंचांत लांबी, रुंदी, जाडी गुणून १७२८ ने भागलं तर दोन्ही तुकडे मिळून ०.३१ घनफूट भरतात. चिरणीतली घट धरणं ठीक आहे, पण ती आधी ठरायला हवी.

कागद म्हणून एक रंगीत "प्रमाणपत्र" आलं, त्यावर झाडाचं वय आणि "दुर्मीळ" असा शिक्का. त्याला काही किंमत नाही. फणस, आंबा, साग, खैर ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. सरळ व्यवहार करणारा वखारवाला जीएसटीचं बिल देतो आणि माल कुठून आला ते विचारल्यावर चिडत नाही. परदेशातल्या मित्राला शिसवाचा तुकडा पाठवायचा विचार असेल तर आणखी सावध राहा. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया गटातली सगळी झाडं, म्हणजे शिसव आणि शिसमही, साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, कच्च्या तुकड्याला नाही. कुणी चंदन किंवा रक्तचंदनाचा फिंगरबोर्ड देऊ केला तर बोलणं तिथेच थांबवा.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवलेला फोटो मापांसह, टोकाच्या ताज्या कापाचा फोटो आणि त्याच ताज्या कापावर मीटर लावलेला व्हिडिओ. "कापलं तर तुकडा खराब होतो" असं उत्तर आलं तर सौदा सोडा, १०-१५ मिमी कापल्याने काही बिघडत नाही. परतीची अट लिहून घ्या, आणि तीत चाचणीसाठी टोक कापणं हा वापर धरला जाणार नाही, हे वाक्य हवंच. आमच्या व्यवहारात हेच वाक्य नव्हतं आणि विकणाऱ्याने सगळा वाद तिथेच अडकवला. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, कुरिअरच्या चिठ्ठीवरचं वजन जपा, आणि चाचणीचे तुकडे तारीख घालून पिशवीत ठेवा.

माल आला पण खोटा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमची तक्रार १९१५ वर नोंदवली आहे, सोबत काळी किनार दिसणारी चकती, तिन्ही छिलके आणि ओटीजीतल्या वजनांचा कागद यांचे फोटो जोडले आहेत.

पांढरा तुकडा इतर लाकडापासून दूर, बंद पिशवीत ठेवला आहे, भुंगेरे पसरू नयेत म्हणून. खऱ्या फणसाचं मेण खरवडून टोकांना तेवढं पुन्हा लावलं आणि तो एक इंची पट्ट्यांवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवला आहे. चकती कापल्यावर उरलेला ४३५ मिमीचा तुकडा २ किलो ६४५ ग्रॅम होता. २७ टक्क्यांचं पाणी वजा केलं तर कोरडं लाकूड २ किलो ७८ ग्रॅम, त्यावर १२ टक्के म्हणजे २ किलो ३२५ च्या आसपास. दर रविवारी वजन पेन्सिलीने तुकड्यावरच लिहितो. शेवटचा आकडा २ किलो ५१० आहे.