सराफ बाजाराच्या उतारावरचं वाचनालय : वरच्या फळीला पाच तारे, खालच्या दोन फळ्यांना दीड

मी डबे करते. नाशिकला सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या मागे, रोजचे अडतीस. पहाटे चारला कणीक मळायला घेते, साडेबाराला शेवटचा डबा जातो, मग भांडी आणि ओटा. दुपारी दोन ते चार एवढाच वेळ माझा. त्या दोन तासांत मला कोणी शहाणं करायला आलेलं खपत नाही, म्हणून मी खून, भुतं आणि गायब झालेले वारसदार वाचते. आधीच सांगून टाकलं. ज्यांना आत्मचरित्रं हवीत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. ते चालवणाऱ्या काकांनीच सांगितलंय, "ताई, नाव टाकू नका, गर्दी झाली तर मला आता झेपायची नाही." आणि पुढे मी तक्रारीही करणार आहे, तेव्हा ते बरंच. दहीपुलाकडून सराफ बाजाराकडे उतरताना एका वाड्याच्या ओसरीवर आहे. पाटी नाही. जुन्या दिवाळी अंकांची सुतळीने बांधलेली चवड दारात दिसली की आत शिरायचं. स्कूटर मात्र घरीच ठेवा. मी एकदा नेली होती, पुस्तक बदलायला पाच मिनिटं लागली आणि स्कूटर बाहेर काढायला पंचवीस. आता शालिमारला रिक्षातून उतरते आणि चालत जाते.

अनामत पाचशे. महिन्याला दीडशे रुपयांत दोन पुस्तकं आणि एक मासिक. दिवाळीनंतर तीनशे जादा भरले की मार्चअखेर हवे तेवढे अंक. उशीर झाला तर दंड नाही, पण काका फोन करतात, आणि तो दंडापेक्षा वाईट. "काय ताई, अजून खुनी सापडला नाही का?"

आता मुद्द्याचं. त्या ओसरीवर पुस्तकं लावायची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. लेखकाच्या नावाने नाही, विषयाने नाही. पुराच्या पाण्याने.

नाशिककरांना सांगायला नको, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर बघ्यांची गर्दी आणि बाजारात दुकानदारांची धावपळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता आणि सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. काकांचा नियम असा की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायला घ्यायच्या. पण एकटा माणूस, सत्तरी ओलांडलेली. सगळं वर जाईलच असं नाही. म्हणून भिजलं तरी चालेल ते बारा महिने खाली, भिजून चालणार नाही ते वर.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं काका चक्रम आहेत. खालच्या दोन फळ्यांवर गाजलेल्या, बक्षिसं मिळालेल्या कादंबऱ्या, यशस्वी होण्याची पुस्तकं, शेअर बाजार, तीस दिवसांत इंग्रजी. आणि सगळ्यात वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही तिथे, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, खाकी कागदाची कव्हरं घालून, एखाद्या घरात पोथ्या ठेवाव्यात तसे.

मी विचारलं, "काका, हे उलटं नाही का झालं?"

"बक्षिसवाली परत छापतात हो," काका म्हणाले. "उद्या भिजली तर परवा दुकानात मिळतील. याची दुसरी प्रत कुठून आणू?"

मग स्टुलावरून एक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. तळहाताएवढं पुस्तक, कागद चहाच्या रंगाचा, कोपरा दुमडला तर तुटून हातात येईल असा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या म्हणतात, पण त्यातल्या हातात मिळायच्या किती? स्वस्त कागद, पातळ पुठ्ठा, एकेक प्रत शंभर घरांत फिरलेली. जपून ठेवावं असं ते पुस्तक कोणाला वाटलंच नव्हतं. माझे आजोबाही वाचायचे म्हणे, आणि वाचून झालं की बंबाजवळ टाकायचे.

तर वरच्या फळीवरचं मला काय आवडतं ते सांगते. अर्नाळकर आता वाचताना थोडं हसू येतं, खरं आहे. खलनायक फार बोलतो आणि नायकाला काही होणार नाही हे पहिल्या पानावरच कळतं. पण दुपारच्या पेंगेला तेच बरं. नारायण धारप मात्र पेंग उडवतात. त्यांचं भूत कधी घाईत नसतं. आधी बदली, नवं घर, भाडं, सामान लावणं, शेजारी कसे आहेत, हे सगळं आपल्याच घरचं वाटेल इतक्या सावकाश, आणि मग एक दार जिथे असायला नको तिथे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मी दुपारीच वाचते, रात्री नाही. धारपांची भीती बाहेरून घरात येते, मतकरींची आधीपासून घरात बसलेली असते, बऱ्याचदा घरातल्याच माणसाच्या मनात. सासूबाईंना मतकरी चालत नाहीत. "आपल्याच माणसांना कशाला भ्यायचं," म्हणतात. त्यांना सुहास शिरवळकर आवडतात, त्यातही बॅरिस्टर अमर विश्वास. कोर्टात तो बोलायला उठला की आई चष्मा पुसून घेतात.

विज्ञानकथा मी आधी हात लावत नव्हते, शाळेची आठवण येते. काकांनी एक गोष्ट सांगितली आणि फसवलं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बघा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा उतरवून काढली मंगलाताईंनी, आणि पहिला नंबर आला. मी काकांना म्हटलं, म्हणजे अर्धं बक्षीस बायकोचं. ते म्हणाले, ते तुम्ही वाचून ठरवा, आणि पुस्तक पिशवीत टाकलं. हा माणूस भांडी बाजारात बसला असता तर लखपती झाला असता.

लहान मुलांचं कपाट एकच आहे आणि त्यात फास्टर फेणे सोडला तर दम नाही. पण बनेश फेणेचं कपाटसुद्धा वरच्या बाजूला आहे, हे लिहायला हवं.

आता तक्रारी. यादी नाही. काय आहे आणि काय नाही हे फक्त काकांच्या डोक्यात, आणि त्यांना ताप आला की वाचनालयाला ताप. डांबर गोळ्यांचा वास इतका की घरी आणून पुस्तक तासभर गॅलरीत ठेवावं लागतं. कसर आहेच. खालच्या फळ्यांची अवस्था म्हणजे पुरात न भिजताही भिजल्यासारखी, पानं फुगलेली, आणि गेल्या चारेक वर्षांत नवीन म्हणावं असं तिथे काही आलेलं नाही. 'आवाज'चे जुने दिवाळी अंक आहेत, पण त्यातल्या चित्रांवरच्या, उघडून आत बघायच्या कागदी खिडक्या कुणी ना कुणी फाडलेल्या. आत काय आहे ते बाहेरूनच दिसतं, मग गंमत काय राहिली?

ज्यांना नीट, व्यवस्थित वाचनालय हवं त्यांनी टिळक पथावर सार्वजनिक वाचनालयात जावं. १८४० चं आहे, माझी मुलगी तिथलीच सभासद आहे आणि संदर्भाला तिथेच जावं लागतं. शेजारच्या सोसायटीत कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी येते, शंभर पुस्तकांची. ती मी दोनदा पालथी घातली आहे. चांगली पुस्तकं असतात. पण माझ्या दुपारच्या दोन तासांचा माल मला ओसरीवरच मिळतो.

एक गोष्ट राहिली. इथल्या वाचकांच्या खुणा. मालिकेतली पुस्तकं एकसारखी दिसतात, वाचलंय की नाही आठवत नाही, म्हणून प्रत्येकाने सत्ताविसाव्या पानावर आपली पेन्सिलची खूण करायची, असा इथला जुना रिवाज आहे. कोणाचं फूल, कोणाचा नुसता ठिपका, कोणाचं 'श्री'. माझी खूण करावी लागत नाही, हळदीचा अंगठा आपोआप उमटतो. एका वाचकाचा त्रिकोण आहे. दोनेक वर्षांत माझ्या लक्षात आलं की ज्यावर त्रिकोण असतो ते पुस्तक मला हमखास आवडतं. आता मी आधी सत्ताविसावं पान उघडते. त्रिकोण कोण, बाई की बुवा, काका सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात एक रहस्यकथा आणली. कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, पण त्रिकोण होता. वाड्यातला म्हातारा मेलाय, चार जण संशयित, सगळे एका दिवाणखान्यात जमवलेत, नायक सिगारेट पेटवतो आणि पुस्तक संपलं. शेवटचा फर्माच नाही. सोळा पानं शिवणीतून सुटून गेलेली. त्या दिवशी आमटी खारट झाली, गिऱ्हाइकांनी ऐकवलं.

तावातावाने गेले. काका म्हणाले, "मागचा पुठ्ठा बघितला नाही का?" पुठ्ठ्याच्या आत एक पाकीट चिकटवलेलं होतं आणि त्यात तीन कागद. ज्यांनी कधीकाळी ते पुस्तक पूर्ण असताना वाचलं होतं त्यांच्याकडून काकांनी शेवट लिहून घेतला होता. एका कागदावर पुतण्या खुनी, निळ्या शाईत, दोन ओळींत. दुसऱ्यावर डॉक्टर, पानभर, शुद्धलेखनाच्या चुकांसकट आणि संवादांसकट. तिसऱ्यावर खाली त्रिकोण होता, आणि त्याच्या मते म्हाताऱ्याने स्वतःच विष घेतलं.

"मग खरं कोणतं?" मी विचारलं.

काकांनी ड्रॉवर उघडून मला एक कोरा कागद दिला. तो दोन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. माझा संशय स्वयंपाकीणबाईवर आहे. चाळिसाव्या पानावर ती दूध आटवायला ठेवते आणि पुढे त्या दुधाचं काय झालं ते लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही. अडतीस डबे करणारी बाई ही गोष्ट विसरत नसते.