मेसचा पास घ्यावा की बाहेर खावं? छोट्या कॉलेजगावातला काही महिन्यांचा अनुभव

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात कुणी "इथे जेव, मस्त आहे" म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. त्या दिवसांत गावातली प्रत्येक जागा नव्या मुलांना पटवण्यात गुंतलेली असते. वाढप सढळ, टेबलं पुसलेली, मालक स्वतः विचारपूस करणार. जागेचा खरा स्वभाव कळतो तो परीक्षेच्या तोंडावर आणि सुट्टी लागल्यावर. मी दोन्ही बघून झाल्यावरच हे लिहितोय.

आधी पास. दोन वेळच्या पासवर तीस दिवसांच्या महिन्यात ६० जेवणं होतात आणि "एक जेवण इतक्याला पडतं" हा मेसवाल्याचा हिशेब त्या ६० वर असतो. आता चार शनिवार-रविवार वगळा. १६ जेवणं गेली, उरली ४४. पैसे तेवढेच भरलेत, म्हणजे प्रत्येक जेवण सांगितल्यापेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी महाग पडलं. त्यात सकाळचा तास चुकवून झोपणारे, प्रॅक्टिकल लांबलेले, मित्राच्या खोलीवर जेवलेले असे दिवस धरा. पासधारकांपैकी काही जण रोज येणारच नाहीत हे मेस चालवणाऱ्याला ठाऊक असतं आणि तो स्वयंपाकही त्याच अंदाजाने करतो. यात मला लबाडी दिसत नाही. सगळे रोज दोन्ही वेळा आले तर त्या दरात त्याला परवडणारही नाही. पण न येणाऱ्यांमध्ये आपण किती वेळा असतो, हे आपणच मोजायला हवं.

मोजायची रीत सोपी आहे. पासच्या रकमेला बाहेरच्या साध्या जेवणाच्या किमतीने भागा. जो आकडा येईल त्याहून जास्त वेळा मेसमध्ये जेवणार असाल तरच पास स्वस्त. बाहेरचं जेवण पासवरच्या जेवणाच्या दीडपट महाग असेल, तर हा आकडा ४० येतो. दर शनिवार-रविवारी गावाबाहेर जाणाऱ्याच्या हातात जेमतेम चार जेवणांची सवलत उरते. चार वेळा उशीर झाला की संपलं. माझं स्पष्ट मत: दोन वेळचा पास त्यांच्यासाठीच, जे सुट्टीच्या दिवशीही खोलीवरच असतात. बाकीच्यांनी एका वेळचा मिळतो का ते विचारावं.

चवीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ठीक असते, कधी बरी, कधी फक्त गरम. पण गरम असणं हाच खरा मुद्दा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. वाढायला ठेवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. ५ ते ६० च्या मधे जीवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. भाताचं तर आणखी वेगळं आहे. त्यातल्या एका जीवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट पडून राहिला की वाढतात आणि उलटी करवणारं जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून "गरम करून देतो" या आश्वासनावर माझा विश्वास नाही. वाढताना भांड्यातून वाफ येतेय का, एवढं बघतो. नसेल तर भात नको म्हणतो, बाकीचं घेतो.

छोट्या कॉलेजगावात अख्ख्या गावाची भूक एकाच वेळापत्रकावर चालते. तास सुटला की दहा मिनिटांत सगळीकडे रांग. मोठ्या शहरात गर्दी दिवसभर पसरते, इथे ती एकदम कोसळते आणि तासाभरात ओसरते. सुरुवातीला मी रांग टाळायला मुद्दाम उशिरा जायचो, पण त्या वेळी हाती लागतं ते तळाशी उरलेलं. रांगेत उभं राहणं परवडलं, कारण रांग असते तेव्हाच स्वयंपाकघरातून ताजी भांडी बाहेर येत असतात. त्याहून बरं म्हणजे तास सुटायच्या थोडं आधी पोचणं. अर्थात हे ज्याचा शेवटचा तास मोकळा आहे त्यालाच जमेल.

बाहेर कुठे खावं, याचं माझं उत्तर आता एकच आहे: जिथे विद्यार्थ्यांबरोबर गावातले लोकही जेवतात तिथे. दुकानदार, ड्रायव्हर, ऑफिसातले कारकून. फाटकासमोरच्या जागांचं सगळं गिऱ्हाईक दर वर्षी बदलतं. नाराज झालेला मुलगा शिकून निघून जातो, दुसरा येतो. गावकरी मात्र तिथेच राहणार आणि चार लोकांना सांगणार, त्यामुळे त्याला वाईट खायला घालणं मालकाला परवडत नाही. शिवाय सुट्टीत कॉलेज ओस पडलं की फाटकासमोरची निम्मी शटरं खाली असतात. उघडी असतात त्यांच्याकडेही लांबलचक मेनूकार्ड असेल तर मी जरा बिचकतोच. गिऱ्हाईक चार आणि पदार्थ चाळीस, मग कच्चा माल फ्रीजमध्ये किती दिवस बसलाय कोण जाणे!

तळलेलं खायचंच असेल तर आधी कढईकडे बघा. तेल काळपट, दाट झालेलं, मंद आचेवरही धुरकटणारं आणि फेस धरणारं दिसलं तर ते बऱ्याच फेऱ्या मारून आलंय. संध्याकाळी उशिरा ते जास्त दिसतं.

पिण्याच्या बाबतीत: बारबद्दल मी लिहू शकत नाही, जात नाही. कॉफीबद्दल मात्र लिहू शकतो, कारण लायब्ररीजवळच्या जागेचा अर्धा धंदा परीक्षेच्या काळात आमच्यासारख्यांवर चालतो. फिल्टर कॉफीच्या २०० मिलिलिटरच्या कपात साधारण ९० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कोऱ्या चहाच्या मोठ्या कपात ५० च्या आसपास, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ८०. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० च्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत. मला आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची वाटते. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. पेपरच्या आदल्या रात्री मी सहानंतर फक्त पाणी घेतो. मित्र हसतात. हसू देत.

एक कप घेऊन चार तास टेबल अडवायचं असेल तर ते गर्दीच्या वेळी करू नका. दुपारी तीन ते पाच कुणी काही म्हणत नाही, प्लगही मोकळा मिळतो.

पुढच्या सत्रात मी एका वेळचा, दुपारचा पास घेणार आहे आणि रात्री बाहेर जेवणार. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: चुकलेलं जेवण पुढे धरतात का, परीक्षेनंतरच्या रिकाम्या दिवसांचे पैसे कापतात का आणि पास मधेच बंद केला तर काय परत मिळतं. आमच्याकडे पहिल्या दोन्हींचं उत्तर "नाही" होतं. तिसऱ्याचं लेखी मागितल्यावर मिळालं.