जोर-बैठका, रबरी पट्टे की जिम? चाळिशीनंतर ताकदीसाठी काय निवडावं

या तुलनेत चालणं नाही, आणि ते मुद्दामच. रोज तासभर चालणाऱ्यांना वाटतं की आपला व्यायाम झाला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितला आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी वेगानं. चालण्यानं ही घट फारशी थांबत नाही. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, त्यामुळे घरात मधुमेह असेल तर हा विषय पैलवानांपुरता राहत नाही.

मग ताकद कशानं कमवायची?

आपल्याकडे पहिलं उत्तर येतं ते जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. खर्च शून्य, जागा सतरंजीएवढी. खांदे, छाती, मांड्या आणि लवचिकता यांना चांगलं काम मिळतं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे यात सगळं ढकलणं आहे, ओढणं जवळजवळ नाही; तालमीत दोर आणि मल्लखांब होते, ते आपल्या हॉलमध्ये नाहीत. दुसरी अडचण वजनाची. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ऐंशी किलोच्या आणि वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी जड जातो, आणि पुढे अंगात बळ आलं की तोच भार अपुरा पडतो. मग फक्त आकडा वाढत जातो, पन्नासाच्या शंभर बैठका होतात. त्यानं दम वाढतो, पण ताकद त्या मानानं वाढत नाही. म्हणून सुरुवात भिंतीला हात टेकून केलेल्या जोरांपासून आणि खुर्चीवरून उठ-बस करून करावी. त्यात कमीपणा काही नाही.

रबरी पट्ट्यांचा खरा उपयोग म्हणजे हे राहून गेलेलं ओढणं. खिडकीच्या मजबूत गजाला पट्टा अडकवून स्वतःकडे ओढला की पाठ आणि खांद्यामागचे स्नायू कामाला लागतात. प्रवासात बॅगेतही मावतो. पण रंगावरून ताण ठरवताना जपून, प्रत्येक कंपनीचे रंग सारखे नसतात. पट्टा भेगाळला की टाकून द्या. तो तुटून तोंडावर बसतो. पायांसाठी मात्र पट्टे लवकरच कमी पडतात.

जिमविषयी सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती तरुणांची आणि जड कामाची जागा. खरं तर नवशिक्यासाठी सर्वांत हलकी सुरुवात तिथंच होते. बैठकीत स्वतःचं सगळं वजन उचलावं लागतं, लेग प्रेसवर (बसून पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर) वीस किलोपासून सुरू करता येतं आणि पाच-पाच किलोनं वाढवता येतं. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहापैकी नऊ जणांनी आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हाडांच्या बाबतीतही जिमचं पारडं जड आहे. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली भारी वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढलेली दिसली.

‘बायकांचे दंड पुरुषांसारखे होतील’ ही भीती सोडून द्या. टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फारच कमी असल्यानं तसे स्नायू सहजी होत नाहीत. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते हेही खरं नाही. स्नायू घटतात आणि खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वेगळी साठते. गुडघेदुखीत तर मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग असतो. रक्तदाबाचं मात्र नीट समजून घ्या: नियमित व्यायामानं तो थोडा उतरतो, पण वजन उचलताना श्वास कोंडला तर त्या क्षणी एकदम चढतो. उचलताना श्वास सोडायचा. दाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझा कौल असा. हाडांची घनता कमी आली असेल किंवा जमिनीवरून हात न टेकता उठता येत नसेल, तर जिम, आणि तीही शिकवणारा माणूस असलेली. वेळ आणि पैसा दोन्ही तोकडे असतील, तर जोर-बैठका आणि एक-दोन पट्टे. पहिलं वर्षभर ते बहुतेकांना पुरतं. काहीही निवडलं तरी भार असा हवा की आठ ते बारा वेळा जमेल आणि शेवटचे दोन कष्टानं होतील. बारा सहज होऊ लागले की भार वाढवायचा.

जिम ठरवताना एक दिवस जाऊन बघा. ट्रेनरनं आधी गुडघ्यांची, रक्तदाबाची आणि औषधांची चौकशी केली तर पैसे भरा. त्याआधीच प्रोटीनचा डबा पुढे केला, तर दुसरी जिम बघा.