सोर्सवरून बसवलेला पायथन ३.१२: दहा महिने वापरल्यानंतर

डेबियन ११ या लिनक्स सिस्टिमसोबत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.९ आवृत्ती येते. मला हव्या असलेल्या एका लायब्ररीची नवी आवृत्ती ३.९ वर चालेना, म्हणून दहा महिन्यांपूर्वी ३.१२ सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल करून बसवला. तेव्हापासून माझं रोजचं काम त्याच्यावरच चालतं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट डेटा उतरवून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरते, आणि दिवसभर एका टर्मिनलमध्ये इंटरप्रिटर उघडा असतो. मध्यंतरी मशीन डेबियन १२ वर नेलं आणि हाच पायथन अर्धवट बंद पडला. हा अनुभव मी बसवल्या दिवशी लिहिला असता तर "तीन कमांड, अर्धा तास, काही अडचण नाही" यापुढे गेला नसता. खरी अडचण त्या तीन कमांडींनंतर सुरू होते.

पहिल्या दिवसाचंच घ्या. सोर्स उतरवला, उघडला, मशीनवर काय आहे ते तपासणारं कॉन्फिगर चालवलं, मग बांधणी करणारं मेक चालवलं. कुठे एरर नाही. इन्स्टॉल झाला, प्रॉम्प्ट आला, बेरीज-वजाबाकी झाली. मग पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, पहिलं पॅकेज मागवलं, तर पिप म्हणालं की पायथनमध्ये एसएसएल मॉड्यूलच (सुरक्षित जोडणीसाठी लागतं ते) उपलब्ध नाही. दुसऱ्या खिडकीत वरचा बाण दाबला, तर आधीची ओळ परत येण्याऐवजी पडद्यावर टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि ए हे अक्षर उमटलं. मला वाटलं टर्मिनलचं काही बिघडलंय. तासभर टर्मिनलच्या सेटिंगमध्येच शोधत बसलो.

दोन्हीचं कारण एकच होतं. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचा बराच भाग सी भाषेत आहे, आणि त्यातली काही मॉड्यूलं बाहेरच्या लायब्रऱ्यांवर उभी आहेत. एसएसएलला ओपनएसएसएल लागतं, बाणाच्या कळा चालायला रीडलाइन, सी लायब्रऱ्या वापरू देणाऱ्या सीटाइप्सला लिबएफएफआय. मशीनवर या लायब्रऱ्या असतात, पण बिल्डला, म्हणजे बांधणीला, लागणाऱ्या त्यांच्या हेडर फाइल्स वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये असतात. त्या नसल्या तर बिल्ड थांबत नाही. पायथन ते मॉड्यूल सोडून देतो आणि पुढे जातो. मेक संपताना शेवटी एक छोटी यादी येते, की अमुक ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारं सामान सापडलं नाही. मी मेक आणि बसवायची कमांड एकाच ओळीत दिली होती. त्यामुळे इन्स्टॉलच्या हजारो ओळींखाली ती यादी गाडली गेली. आता मी या दोन कमांडी कधीच जोडून देत नाही.

एकदा हे कळलं की लक्षणांवरून कारण ओळखता येतं. सीटाइप्स नाही म्हणजे बिल्डच्या वेळी लिबएफएफआयचं डेव्ह पॅकेज नव्हतं. पांडाज ही लायब्ररी उघडताना लझ्मा या कॉम्प्रेशनच्या मॉड्यूलबद्दल इशारा येत असेल आणि "तुमचा पायथन अपुरा आहे" असं तो म्हणत असेल, तर एक्सझेडची हेडर फाइल राहिली. अंडरस्कोर एसक्यूलाइट३ सापडत नाही, तर एसक्यूलाइटची. असा एरर दिसला की लोक पिपने ते मॉड्यूल बसवायला धावतात. मीही आधी तेच केलं. ही मॉड्यूलं पिपने येत नाहीत. ती बिल्डच्या वेळीच बांधली जावी लागतात, दुसरा मार्ग नाही.

डेबियन कुळातल्या सिस्टिमवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सोर्स पॅकेजच्या ओळी चालू करून एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या बिल्ड-डेप कमांडला पायथन३ चं नाव द्यायचं. लागणारी बहुतेक डेव्ह पॅकेजं एका दमात येतात. पण त्यानंतर नुसतं मेक पुन्हा चालवून भागत नाही, आणि इथेच मी दुसऱ्यांदा अडलो. ३.१२ मध्ये कोणतं मॉड्यूल बांधायचं हे कॉन्फिगर ठरवतं, म्हणून कॉन्फिगरपासून परत सुरुवात करावी लागते. त्याचा फायदाही आहे. कॉन्फिगरच्या आउटपुटमध्ये अगदी शेवटाकडे प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ असते आणि तिच्यासमोर "येस" किंवा "मिसिंग" लिहिलेलं असतं. म्हणजे काय राहिलंय हे मेकच्या आधीच कळतं. माझ्या मशीनवर टीकेइंटर "मिसिंग" आहे आणि ते मला चालतं, कारण तिथे खिडक्यांचे प्रोग्रॅम मी लिहितच नाही. एसएसएल "मिसिंग" असेल तर मात्र मेकला हातच लावायचा नाही.

कुठे बसवायचा हा निर्णय मात्र पहिल्याच वेळी बरोबर घेतला, याचं समाधान आहे. ऑप्ट फोल्डरखाली फक्त या पायथनसाठी वेगळा फोल्डर केला, तो प्रिफिक्स, म्हणजे बसवायची जागा, म्हणून दिला आणि इन्स्टॉलऐवजी ऑल्टइन्स्टॉल वापरलं. ऑल्टइन्स्टॉल "पायथन३" या नावाला हात लावत नाही, फक्त "पायथन३.१२" ठेवतं. सिस्टिमच्या स्वतःच्या कितीतरी स्क्रिप्ट यूएसआर-बिनमधल्या पायथन३ वर चालतात आणि त्यांना त्यांच्याच आवृत्तीची मॉड्यूलं हवी असतात. तिथलं पायथन३ म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. ती नव्या पायथनकडे वळवली की त्या स्क्रिप्टना एपीटी-पीकेजीसारखी मॉड्यूलं सापडत नाहीत. कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी ती सिमलिंक बदलू नका. वेगळ्या फोल्डरचं दुसरं कारण असं की पायथनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नाहीच. यूएसआर-लोकलमध्ये बसवला तर काढताना फाइल्स वेचत बसावं लागतं. स्वतंत्र फोल्डर असेल तर तो एक उडवला की झालं.

ऑप्टिमायझेशनचा पर्याय चालू करा, एवढंच त्याबद्दल सांगेन. त्यात पायथन एकदा बांधला जातो, त्याच्यावर चाचण्या चालवून कोणता कोड जास्त वापरला जातो हे पाहिलं जातं आणि त्या माहितीवर तो पुन्हा बांधला जातो. माझ्या जुन्या चार कोअरच्या मशीनवर पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. वापर रोजचा असेल तर तो अर्धा तास वसूल होतो.

शेअर्ड लायब्ररीच्या (पायथनचा गाभा वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या) पर्यायाने मात्र मला खूप दमवलं. एका प्रोग्रॅमला आत पायथन जोडून हवा होता, म्हणून तिसऱ्या महिन्यात मी तो पर्याय देऊन पुन्हा बिल्ड केलं. पहिला एरर सरळ होता: लिबपायथन३.१२ ची डॉट-एसओ फाइल सापडत नाही. ऑप्टमधला फोल्डर लोडरच्या, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या शोधणाऱ्या भागाच्या, यादीत नव्हता. एलडी-एसओ-कॉन्फच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहिली, एलडीकॉन्फिग चालवलं, मिटलं. काही आठवड्यांनी ३.१२ ची पुढची दुरुस्ती-आवृत्ती आली. आधी तपासून पाहावी म्हणून ती दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवली. नवा पायथन त्याचा पूर्ण पाथ देऊन चालवला, आणि तो आवृत्ती सांगत होता जुनीच! दोनदा बिल्ड केलं, सोर्सचा फोल्डर पुन्हा उतरवला, तरी तेच. शेवटी एलडीडी, म्हणजे फाइल कुठल्या लायब्रऱ्या उचलते ते दाखवणारी कमांड, चालवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. शेअर्ड बिल्डमध्ये पायथन नावाची फाइल अगदी छोटी असते, सगळं काम लिबपायथन करतं. नवी फाइल उघडत होती, पण मी लोडरच्या यादीत घातलेल्या जुन्या फोल्डरमधलं लिबपायथन उचलत होती. दोघांचं नाव तंतोतंत सारखं असल्यामुळे लोडरची काही तक्रार नव्हती. उपाय म्हणजे बिल्ड करतानाच लिंकरला आरपाथ (लायब्ररी शोधायची जागा) देणं, म्हणजे प्रत्येक पायथन स्वतःच्याच फोल्डरमधलं लिबपायथन शोधतो. एलडीकॉन्फिगची ती ओळ मी काढून टाकली. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पायथन जोडायचा नसेल तर शेअर्डच्या वाटेला जाऊच नका.

पाथच्या, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, बारीक गोष्टीही आहेत. नवा पायथन बसवल्यावर बॅश (टर्मिनलमधला शेल) आधीचाच उघडत राहतो, कारण एकदा सापडलेला पत्ता तो लक्षात ठेवतो. हॅश कमांड आर पर्यायासह दिली की विसरतो. क्रॉनला तर तुमचा पाथ माहीतच नसतो, म्हणून क्रॉनटॅबमध्ये नेहमी वेन्व्हमधल्या (कामापुरत्या वेगळ्या पायथन-फोल्डरमधल्या) पायथनचा पूर्ण पत्ता लिहावा.

एका बाबतीत मी बिल्डला उगाच दोष दिला. एक जुनं पॅकेज बसवताना डिस्टयूटिल्स सापडत नाही असा एरर आला आणि सवयीने मी पुन्हा हेडर फाइल्स शोधायला लागलो. डिस्टयूटिल्स हे पॅकेजं बांधायचं जुनं मॉड्यूल ३.१२ मधून काढूनच टाकलेलं आहे. कितीही वेळा बिल्ड करा, ते येणार नाही. वेन्व्हमध्ये सेटअपटूल्स बसवल्यावर ते पॅकेज बसलं. मॉड्यूल सापडलं नाही की आधी विचारायचं: या आवृत्तीत ते असायला हवं होतं का?

आता डेबियन १२ ची गोष्ट. अपग्रेड नीट पार पडलं, मशीन पुन्हा सुरू झालं, मी ऑटोरिमूव्ह चालवून जुनी पॅकेजं काढली आणि झोपलो. सकाळी क्रॉनचा लॉग पाहिला तर स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत पडलेली, आणि एरर असा: यूआरएलचा प्रकार अनोळखी, एचटीटीपीएस. रात्रीपर्यंत जो पायथन शेकडो एचटीटीपीएस पानं उतरवत होता, त्याला ते काय असतं हेच माहीत नव्हतं. यूआरएल तपासले, नेटवर्क तपासलं. मग इंटरप्रिटर उघडून नुसतं "इम्पोर्ट एसएसएल" लिहिलं, आणि खरा एरर समोर आला: लिबएसएसएल डॉट एसओ १.१ ही फाइल उघडता येत नाही.

पायथनमधलं जे मॉड्यूल एचटीटीपी बोलतं, ते एसएसएल मिळालं नाही तर न बोलता पुढे जातं आणि एचटीटीपीएसचा भाग वगळतं. म्हणून वरवरचा एरर इतका दिशाभूल करणारा होता. मुळात झालं होतं ते असं: डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, १२ मध्ये ३.० आलं. माझा पायथन १.१ शी जोडून बांधलेला. एपीटीच्या हिशेबात त्या जुन्या लायब्ररीची आता कुणालाच गरज नव्हती, कारण एपीटीला माझा पायथन ठाऊकच नाही. त्याने त्याचं काम चोख केलं. मग ३.१२ च्या लिब फोल्डरमधल्या लिब-डायनलोडमध्ये गेलो आणि तिथल्या प्रत्येक डॉट-एसओ फाइलवर एलडीडी चालवून "नॉट फाउंड" शोधलं. एसएसएल आणि हॅशलिब या दोन मॉड्यूलांपुढे १.१ हरवलेलं होतं. सीटाइप्सपुढे लिबएफएफआय ७ हरवलेलं, कारण डेबियन १२ मध्ये ते ८ झालंय. एसक्यूलाइट आणि रीडलाइन शाबूत होती. एकूण तीन फाइल्स. बाकी पायथन ठणठणीत.

जुन्या लिबएसएसएलचं पॅकेज कुठून तरी आणून बसवावं असा मोह झाला, दोन मिनिटांचं काम होतं. पण ओपनएसएसएल १.१.१ चा आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय. रोज बाहेरच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या स्क्रिप्टखाली दुरुस्ती न होणारी लायब्ररी ठेवणं मला पटलं नाही. पुन्हा बिल्ड करायचं ठरवलं, तर मागच्या वेळी कॉन्फिगरला काय काय दिलं होतं ते आठवेना. ते पायथनलाच विचारता येतं, हे त्या दिवशी समजलं. सिसकॉन्फिग मॉड्यूलकडे कॉन्फिग-आर्ग्ज मागितलं की ती पूर्ण ओळ छापून मिळते. मेक डिस्टक्लीन केलं, म्हणजे जुन्या कॉन्फिगरच्या खुणा राहत नाहीत, तीच ओळ पुन्हा दिली आणि त्याच फोल्डरमध्ये ऑल्टइन्स्टॉल केलं. वेन्व्ह नवीन करावं लागलं नाही. त्यातला पायथन म्हणजे मूळ पायथनकडे जाणारी सिमलिंक असते आणि आवृत्ती ३.१२ च राहिली. पुढच्या रात्री स्क्रिप्ट चालली.

हे सगळं धरून मी सोर्सवरून बसवलेल्या पायथनवर खूश आहे. हवी ती आवृत्ती हव्या त्या पर्यायांसह मिळते आणि सिस्टिमच्या पायथनला धक्का लागत नाही. पण सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, ते काम आपल्याच गळ्यात असतं. ३.१२ ला त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून त्या फक्त सोर्सच्या रूपात येतात. प्रत्येक वेळी नवा सोर्स आणून त्याच फोल्डरमध्ये बांधायला ज्याला वेळ नाही, त्याने डिस्ट्रोचाच पायथन वापरावा. पायथनच्या आवृत्त्या बसवून देणारं पायएन्व्ह सोय करून देतं, पण तेही आतून सोर्सवरूनच बिल्ड करतं. म्हणून हेडर फाइल्सचा आणि अपग्रेडनंतर हरवणाऱ्या लायब्रऱ्यांचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

माझ्याकडे आता आठ ओळींची एक स्क्रिप्ट आहे. एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, लझ्मा, बीझेड२, झेडलिब, रीडलाइन आणि यूयूआयडी ही मॉड्यूलं एकेक करून ती इम्पोर्ट करते. बिल्डनंतर, ऑल्टइन्स्टॉल करण्याआधी, मी सोर्सच्या फोल्डरमध्ये तयार झालेल्या पायथनवरच ती चालवतो. डिस्ट्रो अपग्रेड झाल्यावर ऑटोरिमूव्ह केलं की लगेच पुन्हा चालवतो, सकाळच्या लॉगची वाट पाहत नाही.